ठकीच्या दातांचं माप

१४ फेब्रुवारी

विहीणबाई,

मंगळवार, ११ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. वेळ तुमच्याच कारखान्यातल्या घड्याळावरची आहे, तेव्हा ते पुढे होतं असं आता सांगू नका. त्या वेळी मी तुमच्या दारात उभी होते आणि आठवा महिना लागलेली माझी मुलगी तुमच्या कामाच्या उंच स्टुलावर बसलेली होती. तिच्या तोंडात कवळीचं माप घ्यायचा लोखंडी ट्रे कोंबलेला होता. डोकं तुम्ही मागून धरलं होतं. हनुवटीवरून गुलाबी लगदा ओघळत होता, ती ओकारी आवरत होती आणि तुम्ही म्हणत होता, "नाकाने श्वास घे, नाकाने. गिऱ्हाइकं घेतात ना?"

सा. न. वि. वि. लिहायचं राहिलेलं नाही, टाळलेलं आहे.

कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला तक्रारीचं पत्र लिहायला शिकवायच्या. आधी वेळ, मग जागा, मग कृत्य. विशेषणं अगदी शेवटी, आणि शक्यतो नकोतच. पुढे निवृत्त होईपर्यंत मी एका जहाज कंपनीच्या संचालकांची सेक्रेटरी होते आणि त्यांच्या सहीखाली जगभरच्या लबाडांना पत्रं लिहिली. त्यांतल्या एकानेही आपल्या सुनेच्या तोंडात ट्रे घातलेला नव्हता. त्यामुळे विशेषणांचं काय करायचं ते मी लिहिता लिहिता ठरवणार आहे.

तुमची बाजू मला माहीत आहे, कारण ती तुम्ही सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशी मांडलीत. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवतात, त्यात प्लास्टर ओतून तुम्ही जबड्याचं मॉडेल काढता आणि त्या मॉडेलवर कवळी बनते. महिनाभर या मॉडेलांच्या कडा कुरतडलेल्या सापडत होत्या. आधी तुम्ही उंदरांवर संशय घेतलात, सापळे लावलेत. मग गाणं शिकवणाऱ्या एका मास्तरांची खालची कवळी डुगडुगायला लागली. ते 'सा' लावायला गेले की शीळ वाजायची, आणि ती त्यांनी तुमच्या दारात येऊन चारचौघांत वाजवून दाखवली. तेव्हा तुम्ही भिंग घेतलंत आणि पाहिलंत, की कुरतडणारा दात माणसाचा आहे.

इथपर्यंत कोणीही करेल. पुढचं मात्र फक्त तुमच्या डोक्यातून येऊ शकतं. दुसऱ्या एखाद्या सासूने सुनेला बाजूला घेऊन विचारलं असतं, "काय गं, तू खातेस का?" तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही माप घेतलंत. जन्मभर माणसांची तोंडं बघितलीत विहीणबाई, पण त्यांतून शब्द बाहेर येतात ही गोष्ट तुमच्या कानावर आलेली दिसत नाही.

लगदा कोणी घोटला तेही मी पाहिलं. तुमच्या चिरंजीवांनी. घोटण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं लग्न ठरवताना तुम्ही सांगितलं होतंत. खरं आहे. बायकोसाठी घोटलेल्या लगद्यात एक गुठळी नव्हती.

ठकी मोरीत ओकत होती, मी तिची पाठ चोळत होते, आणि तेवढ्या वेळात तुम्ही त्या मापात लवकर आळणारं प्लास्टर ओतलंत, चहा सांगितलात आणि मला साखर किती म्हणून विचारलंत. मग मॉडेल काढलंत. ठकीचा पुढचा वाकडा दात कुरतडलेल्या खाचेत टेकवून तुम्ही दोन्ही कारागिरांना आणि मापं घेऊन आलेल्या कुरिअरवाल्याला दाखवलंत. "बसला," म्हणालात. लॉटरी लागलेल्या माणसाचाही चेहरा एवढा कृतार्थ नसतो. आणि त्याच दमात म्हणालात, "खुळ्या बाईच्या हातात मी माझं नातवंड देणार नाही. झाल्याबरोबर टेबलावरूनच उचलायचं."

त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. आमच्या एक सिस्टर अजून हयात आहेत.

आता नीट वाचा. माझ्या मुलीत काहीही बिघाड नाही. बाईला दिवस गेले की खडू-माती खावीशी वाटते, डोहाळे म्हणतात त्याला. ते काही तुमच्या घराण्यावर कोसळलेलं पहिलं संकट नव्हे. माझ्याकडे आल्यापासून ती नीट जेवते, नीट झोपते, काल तर हसलीसुद्धा. प्लास्टरचं नावही काढत नाही.

मला दोन गोष्टी हव्यात. ठकीची माफी, लेखी, ज्यांच्यासमोर तिचा अपमान झाला त्यांना वाचून दाखवलेली. आणि तिच्या दातांचं ते मॉडेल, जे तुम्ही खिडकीतल्या फळीवर मांडून ठेवलंय असं कळतं. माझी मुलगी ही तुमच्या दुकानातली शोभेची वस्तू नाही.

तुमची,
नाइलाजाने झालेली विहीण


२३ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं उत्तर आलं. चार ओळी लिहायला तुम्ही कारखान्याचा कागद वापरलात, ज्याच्या माथ्यावर हसणारी कवळी छापलेली आहे. अशा वेळी तरी कोरा कागद घ्यावा, एवढं कोणी शिकवलं नाही का?

"माफी मागण्यासारखं काही घडलेलं नाही. मागितलेलं मॉडेल सोबत पाठवलं आहे. सुनेची डोक्याची तब्येत बरी नाही, हे सर्वांनी पाहिलं आहे. बाळ आमच्याकडे राहील, वकिलांशी बोलणं झालं आहे." हे तुमचं साहित्य. सुनेला बरं वाटतंय का, हा प्रश्न कुठे बसवायचा राहिला असेल तर समासात जागा होती.

खोक्याबद्दल लिहायचं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. मॉडेल फुटलेलं पोचलं, कुरिअरवाल्यांनी आपटलं असेल, असं लिहिणार होते. तसं लिहिलेला कागद मी फाडला, कारण तुम्हाला फसवायला खोटं बोलावं लागावं इतका मान मी तुम्हाला देत नाही.

झालं ते असं. खोकं आलं, मी जेवणाच्या टेबलावर उघडलं. भुशात गुंडाळलेला माझ्या मुलीचा जबडा. मी चष्मा आणायला आत गेले. चष्मा उशीखाली होता, त्यामुळे जरा वेळ लागला. परत आले तर ठकी खुर्चीत पाठ वाकवून बसलेली, दोन्ही हातांत मॉडेल, आणि कणसाचे दाणे काढावेत तशी ती त्याची मागची कड पुढच्या दातांनी काढत होती. मी आले हे तिला कळलं. थांबली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि खात राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चालू होतं. मी ओढून घेतलं तेव्हा म्हणाली, "अगं, माझेच आहेत ना."

मागितलं मी, हे खरं. पण दारुड्याच्या घरी बाटली पाठवू नये एवढी अक्कल पाठवणाऱ्याला असावी. तुम्हाला माहीत होतं ती काय खाते. तुम्ही तर भिंगातून बघितलं होतंत. आणि आता हे लिहिताना मला असा संशय येतो, की भुसा भरताना तुम्ही एकदा तरी हसला असाल. तसं नसेल तर कळवा. मला बरं वाटेल, आणि मला बरं वाटण्याचे प्रसंग सध्या कमी आहेत.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले, बाळंतपण ज्या करणार आहेत त्यांच्याकडे. भली बाई. वजन केलं, ठोके ऐकले, रक्ताचा रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घातल्या. हिमोग्लोबिन इतकं खाली, की मी त्यांना आकडा पुन्हा वाचायला लावला. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "काही वेगळं खावंसं वाटतं का? माती, खडू, बर्फ, राख? पुष्कळींना वाटतं."

ठकी म्हणाली, "नाही हो. चिंचा तेवढ्या."

मी शेजारच्या खुर्चीत होते. मी काय केलं, हे विचारू नका.

जिन्यात मी तिला धरलं. "का खोटं बोललीस?"

"कागदावर आलं की आई तो वकिलाला देतील."

ती तुम्हालाही 'आई' म्हणते आणि मलाही; फक्त तुम्हाला 'अहो' आणि मला 'अगं'. लग्नापासून या घरात दर वाक्याला कुठली आई ते विचारावं लागतं. या वेळी विचारावं लागलं नाही.

"कोण कोणाला देतंय? मी बसले आहे ना?"

"तू काय करशील, पत्र लिहिशील," म्हणाली.

तर मी पत्र लिहिते आहे. त्या वकिलाच्या धमकीचा परिणाम काय झाला तो तुम्हाला सरळ सांगते, कारण तिरका सांगितलेला तुम्हाला कळणार नाही. तिच्या पोटात प्लास्टर आहे आणि डॉक्टरला ते माहीत नाही. ते मॉडेल मी हातोडीने फोडून पोत्यात बांधून बाहेर टाकून आले.

धमकी मागे घ्या. लेखी. माफीसोबत एकाच कागदावर चालेल, मी कागदाच्या बाबतीत तुमच्याइतकी उधळी नाही.

विहीण


४ मार्च

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही. तुमचे चिरंजीव मात्र येऊन गेले, ते तुम्हाला सांगून आले नव्हते असं त्यांच्या चपला वाजू न देण्यावरून वाटलं.

रविवारी सकाळी मी दार उघडलं तर दोन मजल्यांच्या मधे, जिन्याच्या पायरीवर, संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. किती वेळ बसले होते कोण जाणे.

"वर या."

"नको. ती चिडेल."

"ती झोपली आहे. चिडणारी मी आहे. या."

आले. ठकी उठली होती. तिने त्यांना बघितलं आणि सरळ जाऊन त्यांचा हात धरला, बाही नाकाला लावली, डोळे मिटले. गृहस्थांचा चेहरा असा उजळला, की मला क्षणभर त्यांची दया आली. बायकोने माफ केलं असं वाटलं असणार. मग तिने बाहीची कड तोंडात घेतली आणि चोखायला लागली. तेव्हा त्यांना कळलं की कामाचा सदरा अंगावर घालूनच आलो आहोत, बाहीला आळलेल्या प्लास्टरचे शिंतोडे आहेत. त्यांनी हात काढून घेतला नाही. हे त्यांच्या बाजूने मी नोंदवते; त्यांच्या बाजूने लिहिण्यासारखं एवढंच मिळालं.

जाताना मी विचारलं, "बाळ कोणाकडे राहणार?"

"आई म्हणेल तसं."

"तुम्ही काय म्हणता?"

त्यांनी संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली. बत्तिशी बनवणाऱ्या घराण्याचा वारस, पण त्याला स्वतःचे दात म्हणून काही आलेच नाहीत. मी त्यांना संत्री परत दिली नाहीत. ठकी खाईल तर खाईल म्हणून ठेवली. खाल्ली नाहीत.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, की ती हसली. हसली होती. कशाला, ते मी लिहिलं नव्हतं. मी विचारलं होतं, बाळाचं नाव काय ठेवायचं गं, तर ती हसून म्हणाली, "आई ठेवतील ना." आणि झोपते असं लिहिलं होतं, तेही अर्धंच. ती पडून असते. डोळे उघडे ठेवून पडण्याला झोप म्हणत असतील तर झोपते. वेणी मी घालते. आंघोळीला मी ढकलते. न्हाणीघराच्या भिंतीचे पोपडे सुटलेत, तिथे ती पाटावर बसून राहायला लागली, म्हणून मी रंगाऱ्याला बोलावून भिंत रंगवून घेतली. आता ती त्या भिंतीला नाक लावून बसते. बैठकीच्या खोलीतल्या एका ओल्या भिंतीपुढे मी कपाट सरकवलं आहे. या वयात कपाटं सरकवते आहे.

तुम्हाला वाटत असेल, मग बाईसाहेब कबूल का करत नाहीत, की पोरगी खुळी आहे. नाही करत. 'खुळी' हा शब्द तुम्ही तिच्यासाठी वापरलात, तेवढ्यावरून तो चुकीचा आहे हे मला कळतं. योग्य शब्द कोणता, ते मला अजून माहीत नाही. आमच्या शाळेत रडणाऱ्या मुलीला गार पाण्याने तोंड धुवायला पाठवत आणि ती परत आली की गणित घालत. मी तसं करून पाहिलं. चालत नाही.

परवा ती पोटावर टिचकी मारत होती. एक मारायची, कान द्यायची, जरा सरकवून पुन्हा मारायची. मला कुठेतरी बघितल्यासारखं वाटलं आणि मग आठवलं: मॉडेल आत नीट आळलंय का, पोकळ राहिलंय का, हे तुम्ही असंच टिचकी मारून बघता. तुम्हीच तिला ते शिकवलंत.

"काय करतेस?"

"हलत नाही गं ते. सकाळपासून."

"झोपलं असेल."

"नाही," म्हणाली. "मी एवढं खाल्लं ना. ते त्याच्याभोवती आळलं असेल. आता काढतील तेव्हा पांढरं निघेल. आईंना बरं, झिजणार नाही."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. पोट हललं, माझ्या हाताखालीच, चांगली लाथ बसली. मी म्हटलं, "बघ. प्लास्टर लाथ मारतं का?" ती म्हणाली, "बघ, बाहेर यायला धडपडतंय. माझ्यापासून सुटायला."

यावर काय उत्तर द्यायचं, ते तुमच्या वकिलांना विचारून कळवाल का? ते तज्ज्ञ आहेत म्हणून विचारते.

विहीण


१२ मार्च

विहीणबाई,

हे शेवटचं पत्र. त्यामुळे यात टोमणे कमी आहेत. जे आहेत ते मनापासून आहेत असं समजा.

शुक्रवारी दुपारी ठकीच्या पोटात कळा सुरू झाल्या. मला वाटलं दिवस भरण्याआधीच सुरू झालं. टॅक्सीत ती दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन होती आणि एकच सांगत होती, "अगं, सांगू नकोस. शपथ आहे तुला." मी शपथ घेतली. दवाखान्याच्या दारात मोडली. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत होत्या, मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "ती प्लास्टर खाते. दोन महिने. सासरी कवळ्यांच्या कारखान्यातलं, माझ्याकडे भिंतीचं. रोज."

मला वाटलं होतं, बाई किंचाळतील, नर्सला हाक मारतील, मोठ्या डॉक्टरांना बोलावतील. त्यांनी विचारलं, "कुठलं? पांढरं का पिवळं?"

"म्हणजे?"

"कवळीवाल्यांकडे दोन्ही असतात ना. पिवळं जास्त कडक." आणि ठकीकडे वळून, "आळलेलं खातेस का भुकटी?"

"आळलेलं," ठकी म्हणाली. "भुकटी नाही खाल्ली कधी. शप्पथ."

"शहाणी आहेस. भुकटी खाल्ली असतीस तर ती पोटात आळली असती आणि आपण आत्ता ऑपरेशनच्या खोलीत बोलत असतो."

शहाणी. महिनाभरात तिला कोणी हा शब्द लावला नव्हता, मीसुद्धा. ती रडायला लागली, आणि या वेळी तोंड चालू नव्हतं, नुसती रडत होती.

कळा बाळंतपणाच्या नव्हत्या. आतडी तुंबली होती. काय काय केलं ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही, आणि तुम्ही चहा पीत वाचत असाल. मोकळी झाली. बाळ ठीक आहे, पांढरं नाही, त्याचे ठोके सगळ्या वॉर्डाला ऐकू येतील एवढे मोठे लावून तिला ऐकवले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं: अंगातलं लोह संपलं की काही बायकांना असली भूक लागते, माती, बर्फ, कोळसा, जे जवळ असेल ते. तुमच्या घरात प्लास्टर जवळ होतं. ती सोनाराकडे दिली असती तर कदाचित वाचली असती. लोह शिरेतून चढवलं की बहुतेकींची ही भूक मरते. पण मन जे खाली गेलंय, ते निव्वळ लोहाने वर येणार नाही, त्याचा डॉक्टर वेगळा.

तो वेगळा डॉक्टर म्हणजे एक मुलगीच निघाली, पायांत धावायचे बूट. मी तिच्या वयाकडे बघून नाक मुरडलं, हे तिने पाहिलं आणि मला बाहेर बसवलं. तासाभराने बोलावलं. आजाराचं नाव सांगितलं. ते मी तुम्हाला देणार नाही, तुम्ही फळीवर मांडून ठेवाल. बरा होतो म्हणाली. बाळ पोटात असताना चालणारी गोळी आहे, बोलायला यायचं आहे, एकटं ठेवायचं नाही.

आणि ठकी गोळी घ्यायला तयार नाही. लोह चढवून घ्यायलाही नाही.

गोळी घेतली की मी वेडी हे सिद्ध झालं, म्हणते. सुई टोचून घेतली की मी काय खात होते त्याचा कागद झाला, म्हणते. बाळाला आईंच्या हातात द्यायला मी स्वतःच पुरावा गोळा करू का? मी ओरडले, गयावया केली, दोन्ही एका श्वासात. त्या मुलीने मला गप्प बसवलं. ठकीला म्हणाली, "तुझी भीती आजारातली नाही. आजाराने ती मोठी केली आहे, पण निर्माण केलेली नाही. खरोखर कोणी तसं म्हणालंय का?" ठकी म्हणाली, "हो. सगळ्यांसमोर." मग मुलगी माझ्याकडे वळली. "ज्यांनी म्हटलं त्यांनीच मागे घ्यायला हवं. मी गोळी देऊ शकते, शब्द नाही देऊ शकत."

तुमच्या चिरंजीवांना मी दवाखान्यात बोलावलं. आले, तिच्या पायाशी बसले, वाटेल तिथे सही करतो म्हणाले. ठकी त्यांना म्हणाली, आणि तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता, "तुझ्या सहीचं काय करू? उद्या आईंनी सांगितलं की तू परत घोटशील." त्या दिवसापासून ते आमच्यासोबतच आहेत, आधी वॉर्डाबाहेरच्या बाकावर झोपायचे, आता आमच्या बैठकीच्या खोलीत. तुम्हाला मुलगा सापडत नसेल तर म्हणून कळवलं.

सोमवारी ठकीला दवाखान्यातून घरी सोडलं, आणि मंगळवारी घरी फोन वाजला. ठकीने उचलला. पलीकडून कोणी बोललं नाही. ती बराच वेळ कानाला लावून उभी होती. ठेवला आणि म्हणाली, "आई होत्या. मागे घासायचं मशीन चालू होतं." मला वाटलं घाबरेल. घाबरली नाही. म्हणाली, "त्यांनी लगेच ठेवला नाही गं."

विहीणबाई, तुम्ही काय बोलायला फोन केला होता ते मला माहीत नाही आणि फारशी उत्सुकताही नाही. तुमच्याबद्दल माझं मत होतं तेच आहे. तुमची नजर बारीक आहे, हात कसबी आहे आणि माणसाला तुम्ही ज्या तऱ्हेने हाताळता तसं मी रद्दीसुद्धा हाताळणार नाही. पण माझ्या मुलीला माझा शब्द पुरत नाही, नवऱ्याचा पुरत नाही, डॉक्टरचा पुरत नाही. तिला तुमचाच हवा आहे. याचा मला जितका संताप येतो तितका तुमच्या ट्रेचाही आला नव्हता. बोलायचं धाडस होत नसेल तर लिहा. लिहायला तोंड लागत नाही.

माफी राहू दे. कारागिरांना वाचून दाखवणंही राहू दे. त्या मागण्या माझ्या होत्या, ठकीने कधी केल्या नाहीत.

तिला हवं आहे ते एवढंच. तुमच्या हातचा कागद, टाइप केलेला नको, वकिलाचा नको. त्यात असं लिहा: बाळ त्याच्या आईजवळ राहील. ती जे खात होती, जी औषधं घेईल, ज्या डॉक्टरांकडे जाईल, त्यांतलं काहीही मी किंवा माझ्या घरातलं कोणीही तिच्याविरुद्ध कधीही वापरणार नाही. खाली सही. सून म्हणून तिला चार शब्द लिहावेसे वाटले तर लिहा, मी ते न वाचता तिच्या हातात देईन. कागदाच्या माथ्यावर काय छापलंय त्यावर मी या वेळी काही बोलणार नाही.

शनिवारी, १५ मार्चला, सकाळी अकरा वाजता तिला लोह चढवायची वेळ दिलेली आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, दिवस भरत आलेत, एवढ्या कमी रक्तावर बाळंतपण झालं तर दोघांपैकी कोणाचीही खात्री देता येणार नाही. ठकी म्हणते, कागद हातात आल्याशिवाय मी हात पुढे करणार नाही. ती माझी मुलगी आहे, म्हणजे करणार नाही.

पोस्टाने पाठवू नका, उशीर होईल. कुरिअर नको. स्वतः या किंवा कोणाच्या तरी हाती द्या. त्या सकाळी आम्ही दवाखान्यातच असू; वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर आहे, जिन्याने आलात तर डावीकडे. तुमचं लेखी उत्तर मला शनिवारी सकाळी दहाच्या आत हवं आहे.